चवथीच्या सुट्टीत कचऱ्याची गाडी: पेडणे आणि डिचोलीतील सभासदांसाठी माहिती

यंदा, म्हणजे २०२६ साली, गणेश चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आहे. आदला दिवस रविवार. मंगळवारी १५ तारखेला चवथीचा दुसरा दिवस, त्याचीही गोव्यात सुट्टी असते, आणि त्याच संध्याकाळी दीड दिवसांच्या गणपतींचे विसर्जन. ज्या वाड्यांवर रविवारी गाडी येत नाही तिथे शनिवारी १२ तारखेला ती येऊन गेली की पुन्हा बुधवारी १६ तारखेलाच येईल, असे धरून चालावे. मधले तीन दिवस गाडी नाही, आणि नेमक्या याच तीन दिवसांत आपल्या घरात वर्षभरातला सर्वांत जास्त ओला कचरा होतो. त्यात भर भाद्रपदातल्या पावसाची.

बँकेत असताना आम्हाला एक सोय होती. देय तारीख सुट्टीच्या दिवशी आली की व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी जायचा आणि कोणाचे काही बिघडत नसे. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत कचऱ्याच्या गाडीलाही असाच नियम आहे. सुट्टीमुळे एक दिवस चुकला तर त्या आठवड्यातल्या पुढच्या सगळ्या फेऱ्या एकेक दिवस पुढे सरकतात आणि शनिवारी हिशेब पूर्ण होतो. आपल्याकडे बहुधा तसे होत नाही. चुकलेली फेरी चुकलीच. पुढच्या ठरलेल्या दिवशी गाडी येते तेव्हा तिच्यात दुप्पट माल भरायचा असतो. तुमच्या गावात सुका कचरा दर मंगळवारी नेत असतील आणि मंगळवारीच सुट्टी आली, तर तो थेट पुढच्या मंगळवारी, २२ तारखेला जाईल. सुट्टीच्या आधी एवढे एक गणित घरात करून ठेवले की निम्मे काम झाले.

कोण काय नेते

पेडणे तालुक्यात एक नगरपालिका आहे, डिचोलीत दोन, डिचोली आणि साखळी. बाकी सगळा भाग पंचायतींचा. नगरपालिका क्षेत्रात ओला आणि सुका असा दोन्ही कचरा दारावरून नेला जातो. पंचायत भागात बऱ्याच ठिकाणी गाडी फक्त सुका कचरा नेते, तोही आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी. ओला कचरा घरच्या भाटात जिरवावा अशी अपेक्षा असते. सदनिकांत राहणाऱ्यांना भाट नाही, ही अडचण खरी आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

गोळा केलेला माल कुठे जातो हे माहीत असले की वर्गीकरणाचा आग्रह का, ते कळते. उत्तर गोव्यासाठी साळगावचा घनकचरा प्रकल्प २०१६ साली सुरू झाला. सुरुवातीला दिवसाला १०० टन क्षमता होती, ती पुढे २५० टनांपर्यंत वाढवण्यात आली. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करून वीज तयार होते आणि उरलेल्याचे खत होते. सुक्या कचऱ्यातले विकण्याजोगे, म्हणजे पुठ्ठा, बाटल्या, धातू, जाड प्लॅस्टिक, वेगळे काढून गठ्ठे बांधून पुढे जाते. ज्याचे काहीच करता येत नाही असे प्लॅस्टिक कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जाळण्यासाठी पाठवले जाते. गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ हे सगळे पाहते.

आता चवथीच्या तीन दिवसांचा विचार करा. एकाच काळ्या पिशवीत पुठ्ठ्याचे खोके, केळीची पाने, उरलेली उसळ आणि हारांची फुले भरून गाठ मारली आणि ती बुधवारपर्यंत पडवीत ठेवली. पुठ्ठा भिजून लगदा होतो, त्याला गठ्ठ्यात जागा नाही. प्लॅस्टिकला खरकटे लागते, ते धुवायला कोणी बसत नाही. ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिकचे तुकडे मिसळतात, ते यंत्रात अडकतात. भिजलेला माल सिमेंटच्या भट्टीलाही नको असतो. वेगवेगळे ठेवले असते तर तिन्हींचा काही उपयोग झाला असता. एकत्र केले म्हणून तिन्ही वाया गेले, आणि ती पिशवी हाताने फोडून निवडायची पाळी कोणावर तरी आली. त्या माणसाच्या घरीही चवथ असते. गाडीवर काम करणारे बरेचजण शेजारच्या राज्यातले, आणि गणपती तिकडेही बसतो. दोन दिवस गाडी बंद राहते याबद्दल कुरकूर करण्याआधी एवढे मनात आणावे.

नियम काय सांगतात

२०१६ च्या नियमांत घरच्या कचऱ्याचे तीन भाग होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. केंद्र सरकारचे नवे घनकचरा नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले असून त्यांत चार भाग आहेत. ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड वगैरे) आणि विशेष काळजीचा, म्हणजे औषधे, बल्ब, बॅटरी, रंगांचे डबे असा माल. घरात चार डबे मांडायला जागा नसेल तर निदान दोन डबे आणि दोन पिशव्या कराव्यात. डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत द्यावेत. चवथीला मुंबई-पुण्याहून लेकरांसह पाहुणे येतात तेव्हा हा माल एकदम वाढतो, आणि तोच नेमका फुलांच्या पिशवीत सापडतो.

उघड्यावर जाळणे हा उपाय नव्हे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला आहे. दंडाचे सोडा. पावसाने भिजलेल्या ढिगात प्लॅस्टिक नीट जळतही नाही, दिवसभर धुमसत राहते, आणि धूर आधी आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांच्या छातीत जातो.

आधीच्या आठवड्यात विचारायचे ते

सूचना पंचायतीच्या फलकावर लागते, कधी पंच किंवा नगरसेवक मोबाईलवरच्या गटात टाकतात. ती येईलच असे समजून बसू नये. चतुर्थीच्या आधीच्या सोमवार-मंगळवारी कार्यालयात जाऊन किंवा फोन करून विचारून घ्यावे: सुट्टीआधीची शेवटची फेरी कोणत्या दिवशी, नंतरची पहिली कोणती, चुकलेली सुक्या कचऱ्याची फेरी दुसऱ्या एखाद्या दिवशी भरून काढणार का, आणि निर्माल्य वेगळे घेणार असतील तर ते कुठे. उत्तर वाड्यावरच्या सगळ्यांना कळवावे. एका आवाठातल्या वीस घरांनी वीस फोन करायची गरज नाही, एकाने करावा.

शेवटच्या फेरीला घरातला सगळा जुना सुका कचरा देऊन टाकावा. चवथीच्या साफसफाईत माळ्यावरून निघालेले खोके, जुनी वर्तमानपत्रे, फुटके डबे हे सणाच्या दिवसापर्यंत राहिले की नंतरच्या मालात मिसळतात. भंगारवाल्याला बोलवायचे असेल तर तेही याच आठवड्यात.

माटोळी, निर्माल्य आणि स्वयंपाकघर

मूळ प्रश्न ओल्या कचऱ्याचा आहे, आणि आपल्या भागात त्याचा मोठा वाटा माटोळीचा असतो. नारळाची आणि सुपारीची पेंड, चिबूड, तोरिंगण, आंबाडे, निरफणस हे विसर्जनानंतर घरात वापरले जाते किंवा वाटले जाते. राहतात ती रानातली फळे आणि पाने: कांगले, माट्टी, घागरी, कवंडळ, आंब्याचे टाळ. ही सगळी मातीत जिरणारी वस्तू आहे, अट एकच, ती बांधली कशाने. केवणीच्या वाकाने किंवा सुंभाने बांधलेली माटोळी तशीच तोडून खताच्या ढिगावर टाकता येते. नायलॉनच्या दोरीने बांधलेली असली तर प्रत्येक गाठ सोडत बसावे लागते, आणि दमलेला माणूस गाठी सोडत नाही, सगळे एका पिशवीत कोंबतो. पूर्वीच्या लोकांनी पर्यावरणाचा अभ्यास केला होता असे मी म्हणणार नाही. रानात केवण फुकट मिळत होती म्हणून ते ती वापरत. पण पद्धत चांगली होती. केवण मिळत नसेल तर काथ्याची दोरी बाजारात मिळते.

माटोळीची रानफळे गुरांपुढे टाकू नयेत. त्यांतली काही कडू आणि विषारी असतात. केळीची पाने गुरे आवडीने खातात, पण ती पिशवीतून काढून द्यावीत. गाठ मारलेली पिशवी रस्त्यावर ठेवली तर गाय पिशवीसकट खाते.

खताबद्दल एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. आपल्याकडे सप्टेंबरात खड्डा खणला तर तो पाण्याने भरतो. ओला कचरा त्यात कुजत नाही, सडतो आणि वास मारतो. म्हणून चवथीच्या दिवसांत खड्डा नको, जमिनीवर ढीग करावा. खाली नारळाची सोडणे पसरावीत म्हणजे पाणी निथळते. त्यावर ओल्या कचऱ्याचा एक थर आणि सुक्या पातेऱ्याचे दोन थर, असे करत जावे. मधून शेणकाला शिंपडावा, नसेल तर आधीच्या खताची किंवा भाटातली मूठभर माती चालते. वर पत्र्याचा तुकडा किंवा चुडताची झापे. वास येऊ लागला तर समजावे की पातेरा कमी पडला. अडचण अशी की पावसात सुका पातेरा मिळत नाही, तो मे महिन्यातच गोणीत भरून पडवीत ठेवावा लागतो. यंदा ठेवला नसेल तर लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा वापरावा. डिसेंबरपर्यंत माडांच्या आळ्यात घालण्याजोगे खत होते.

सदनिकांतल्या सभासदांनी झाकणाचे, बुडाला आणि बाजूला भोके पाडलेले पिंप जिन्याखाली किंवा आवारात ठेवावे. पिंपाखाली विटा ठेवून उंच करावे. चार-पाच कुटुंबांनी मिळून दोन पिंपे केली तर चवथीचे दिवस निभावतात. एकट्याला तेही जमत नसेल, तर भाज्यांची साले आणि फुले वर्तमानपत्रावर पसरून गच्चीवर सुकवावीत. पाणी गेले की वजन आणि वास दोन्ही कमी होतात आणि बुधवारपर्यंत ठेवता येतात. खरकटे मात्र सुकवू नये, त्याने उंदीर येतात. ते घट्ट झाकणाच्या डब्यात. नेवऱ्या तळून उरलेले काळे तेल मोरीत ओतू नये. गार झाल्यावर बाटलीत भरावे किंवा भुशात जिरवून ढिगावर थोडे थोडे टाकावे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बऱ्याच घरांत मासळी येते. इतके दिवस शाकाहारी असलेल्या डब्यात अचानक कोळंबीची साले आणि माशांची डोकी पडतात. गाडी त्याच दिवशी येणार नसेल तर हा माल डब्यात भरून फ्रीजरच्या कप्प्यात ठेवावा. काहींना ही सूचना किळसवाणी वाटेल, पण गाडीच्या दिवशी सकाळी काढून दिला की झाले, आणि कुत्री जमत नाहीत. भाट असेल तर हातभर खोल पुरावा आणि वर दगड ठेवावा.

निर्माल्याची गोष्ट नाजूक आहे. देवावरची फुले कचऱ्याच्या गाडीत टाकणे मनाला पटत नाही, म्हणून आपण ती मूर्तीबरोबर पाण्यात सोडतो, आणि बहुतेकदा पिशवीसकट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार फुले, वस्त्रे आणि सजावट विसर्जनाआधी मूर्तीवरून काढायची आहेत. यात श्रद्धेला कुठे धक्का लागतो असे मला वाटत नाही. दूर्वा, पत्री, फुले भाटातल्या एखाद्या झाडाच्या मुळाशी मातीआड केली तर त्यांच्यावर कोणाचा पाय पडत नाही. पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य घाटांवर उभे राहून निर्माल्य वेगळे घेतात. आपल्या विसर्जनाच्या जागी दोन पोरांनी दोन गोणी घेऊन उभे राहिले तरी तेच काम होते.

पाण्यात टाकलेले जाते कुठे, हेही पाहावे. तेरेखोल आणि शापोरा या दोन्ही नद्यांना भरती-ओहोटी आहे. भरतीच्या वेळी सोडलेली पिशवी समुद्राकडे जात नाही, उलट आत येते, खारफुटीत अडकते किंवा खाजन शेताच्या मानशीशी येऊन बसते. मानशीची दारे तुंबली की शेतात खारे पाणी राहते. डिचोली आणि साखळीत नदी बाजारालगतून जाते आणि पावसाळ्यात ती किती पटकन चढते हे तिथल्या सभासदांना सांगायला नको. ज्यांच्याकडे विहिरीत किंवा तळीत विसर्जन होते त्यांनी तर हार, दोरा, सोनेरी कागद यांतले काहीही आत जाऊ देऊ नये.

सजावट

चिकणमातीची मूर्ती, कागदाचे मखर आणि तेलाचे दिवे असतील तर सणानंतर उरत काहीच नाही. त्रास बाकीच्याचा. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्याच यादीत प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचेही आहेत. जुने थर्माकोलचे मखर घरात असेल तर ते मोडू नये. मोडले की पांढरे दाणे वाऱ्याबरोबर सगळ्या वाड्यावर जातात. अख्खे ठेवून सुक्या कचऱ्याच्या दिवशी द्यावे आणि पुढच्या वर्षी दुसरे करावे. पातळ पिशव्यांचेही तसेच: १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या २०२२ च्या अखेरपासून बंद आहेत, तरी फुलवाल्याकडून त्या येतात. कापडी पिशवी घेऊन गेल्यास येत नाहीत. बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा सुक्यात टाकू नयेत. वर सांगितलेल्या चौथ्या भागात, विशेष काळजीच्या मालात, त्या ठेवाव्यात.

बंद घरे

आपली बरीच घरे चवथीपुरती उघडतात. मुंबईकर कुटुंब शुक्रवारी येते, बुधवारी पहाटेच्या गाडीने जाते आणि जाताना दारात चार पिशव्या ठेवून जाते. कचऱ्याची गाडी येईपर्यंत त्या कुत्र्यांनी फोडलेल्या असतात आणि शेजारी गोळा करत बसतो. अशा घरांनी जाण्याआधी ओला माल स्वतः ढिगावर टाकावा आणि सुका माल धुऊन, बांधून, शेजाऱ्याला सांगून त्याच्या पडवीत ठेवावा. सांगणे महत्त्वाचे. पंचायतीचे कचरा शुल्क असेल तर तेही याच भेटीत भरून टाकावे. वर्षभर घर बंद होते म्हणून देणे नाही, असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. खातेदार आला नाही म्हणून खाते बंद होत नसते.

पुढचे सण

नरक चतुर्दशी यंदा रविवारी ८ नोव्हेंबरला आहे. शनिवारी रात्रभर नरकासुर फिरणार, पहाटे जळणार, आणि रविवारी गाडी नाही. रस्त्यात उरतो तो लोखंडी सांगाडा, तारा, अर्धवट जळलेले कापड आणि फटाक्यांचा कागद. सकाळी दुचाकीवरून दूध घेऊन जाणाऱ्याच्या चाकात ती तार जाते. सांगाडा ज्या पोरांनी केला त्यांनीच उजाडल्यावर तो उचलावा. लोखंड भंगारात विकले जाते, तारा गुंडाळून ठेवाव्यात. वर्गणी गोळा करतानाच हे काम कोणाकडे, ते नावानिशी ठरवावे.

पेडण्याची पुनव, शिरगावची लईराईची जत्रा, नार्वेची अष्टमी इथली गर्दी देवस्थान आणि पंचायत मिळून सांभाळतात. आपला प्रश्न लहान कार्यक्रमांचा: भजनी सप्ताह, सत्यनारायण, मंडळाचे स्नेहसंमेलन. शंभराहून अधिक माणसे जमणार असतील तर स्थानिक संस्थेला कामकाजाचे तीन दिवस आधी कळवावे आणि कचरा वेगळा करून द्यावा, अशी अट २०१६ च्या नियमांत घातली गेली. मधे सुट्ट्या असतील तर हे तीन दिवस त्या वगळून मोजायचे. पत्रावळी केळीच्या किंवा पळसाच्या असल्या की जेवणानंतरचे काम निम्म्यावर येते.

नाताळ यंदा शुक्रवारी आहे, आणि रविवारी २७ डिसेंबरला पुन्हा गाडी नाही. मधला शनिवार धरून ठेवावा. या आठवड्यात बाटल्या फार निघतात. बाटल्या आणि डब्यांवर अनामत घेऊन ते परत केल्यावर पैसे द्यायचे, अशी योजना गोवा सरकारने २०२४ मध्ये अधिसूचित केली आहे, म्हणून अशा वस्तू न चेपता, लेबल न काढता ठेवाव्यात. फुटलेली काच मात्र यांत नाही. ती जाड पुठ्ठ्यात गुंडाळावी, दोरी बांधावी, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असे लिहावे आणि पिशवीत न टाकता गाडीवरच्या माणसाच्या हातात द्यावी.